रविवारचं नाव

"दादा, एकदाच... बायबलवर हात ठेव आणि सांग, की रविवारी खेळायचा तो तूच!"

धाकट्या इद्रिसच्या तोंडून हे ऐकताच एम्रिस ताडकन उठला. ज्याचे फुटबॉल खेळतानाचे फोटो ओहायोच्या दुकानादुकानांत झळकत होते, तो लाडका वीर बापासमोर उभा राहून पुन्हा तेच मागत होता!

दहा वर्षांपूर्वी कॉलेजातला इद्रिस रविवारी चोरून धंदेवाईक संघातून खेळायचा, तोही थोरल्याचं नाव लावून. तेव्हा सगळेच असं करत. पैसे घेऊन खेळणाऱ्याला कॉलेज थारा देत नसे. कॉलेजला कुणकुण लागली तेव्हा एम्रिस म्हणाला, 'तो मीच.' इद्रिस सुटला... पण प्रभूच्या वारी, रविवारी, खेळला म्हणून त्यांच्या वेल्श चॅपलने, म्हणजे चर्चच्या मंडळीने, एम्रिसला वाळीत टाकलं, नेस्टाशी ठरलेलं त्याचं लग्न तिच्या बापाने मोडलं, आणि चॅपलच्या पंचमंडळात असलेल्या बाबांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. पोलादाच्या भट्टीवर राबून घर मात्र त्यानेच चालवलं!

"आता कशाला हवंय?"

"कॉलेज मला प्रशिक्षक नेमतंय, पण जुनं प्रकरण कुणीतरी उकरून काढलंय. त्यांचा माणूस ओसरीवर बसलाय. बाबांच्या साक्षीने शपथ घेतलीस की तो मानेल, मिटलं!"

"शी! आता देवालाही फसवू? किती खाली जाशील रे?"

पण आई गेल्यावर यालाच त्याने कडेवर घेऊन वाढवलं होतं... हात नकळत ग्रंथाकडे सरकला.

"थांब!"

दहा वर्षांत बाबा पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होते.

"नको घेऊस शपथ, पोरा. तो इद्रिस होता. मी पाहिलंय... एका रविवारी मीही गेलो होतो, कुंपणाच्या फटीतून बघायला."

"म्हणजे... तुम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं, तर चॅपलने विचारलं असतं, तुम्ही तिथे कसे!"

एम्रिसला बापाची शिसारी आली. भावाचा नीचपणा त्याने गिळला होता, पण हे...!

"मला वाळीत टाकताना पहिला हात तुमचा वर गेला होता, बाबा!"

म्हातारा गुडघ्यांवर कोसळून हमसाहमशी रडू लागला. इद्रिस खाली मान घालून ओसरीवर गेला. "खेळत होतो तो मीच," त्याचा आवाज आत आला.

"मला चॅपलमध्ये घेऊन चल. सगळ्यांसमोर सांगतो," बाबा म्हणाले.

"चला."

एम्रिसने काखेत हात घालून त्यांना उभं केलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे त्याला बघवलं नाही.