केळीच्या खोलीतला करार

देवपूरच्या त्या मैदानावर अडीच महिन्यांत चेंडूला कुणाचा पाय लागला नव्हता. चुन्याच्या रेघा मात्र काल मारल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र होत्या. भटूभाऊंनी गाडी लिंबाखाली लावली, मास्क नाकावर ओढला आणि मनात म्हटलं, खेळायला कुणी नाही, मग रेघा कुणासाठी?

भटूभाऊ एरंडोलचे, निवृत्त हवालदार. जळगावात खासगी तपासाचं काम करणाऱ्या चारुताईंची गाडी चालवायची आणि विचारलं तरच बोलायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. यातला पहिला भाग ते चोख पाळत.

पांझरा फुटबॉल क्लबचा सचिव तेजस फाटकातच भेटला. तो चारुताईंचा कॉलेजमित्र. सकाळी सहाला त्याने फोन केला होता, आता दहा वाजत होते.

"चारू, बारा वाजता मालकाचा माणूस येतोय. मैदानाचा मूळ करार त्याच्या हातात द्यायचाय, आणि करारच गायब आहे!"

"पण परत द्यायचा कशाला?"

तेजसने एका दमात सगळं सांगितलं. जिल्ह्याच्या तिसऱ्या फळीतला क्लब. मार्चपासून सामने बंद, तिकिटं बंद. जाहिरात देणाऱ्या साडीवाल्याचं दुकानही बंद. क्लबचं ऑफिस सोडावं लागलं आणि तिथली ट्रंक मैदानावरच्या कोठीच्या खोलीत आली. खेळाडू हातावर हात ठेवून बसले नव्हते. कर्णधार ललित रावेरच्या आपल्या शेतातून कच्ची केळी आणायचा. ती कोठीत पिकवून अख्खा संघ सायकलींवरून विकायचा. पण त्यातून भाडं फिटत होतं ते थोडं थोडं. शेवटी मालकाने सांगितलं, कराराची उरलेली अकरा वर्षं सोडा, शनिवारी, म्हणजे आज, दुपारी बारापर्यंत मूळ करार परत करा. थकलेलं भाडं माफ, वर खेळाडूंचं चार महिन्यांचं मानधन मी देतो. बारानंतर बोलणं संपलं.

"मी थकलो गं," तेजस म्हणाला. "हो म्हणून टाकलं."

"संशय कुणावर?"

"झिपरूवर. मैदान राखतो, कोठीला लागून राहतो. चावी त्याच्याकडे. म्हणून सकाळीच खोली रिकामी करायला लावलीय त्याला."

लिंबाच्या पलीकडे एक गाठोडं, दोन पातेली आणि चुन्याची बादली बाहेर मांडलेली दिसली. पन्नाशीचा झिपरू त्या सामानाशेजारी उभा होता. आवाज चढवून नव्हे, पण मान ताठ ठेवून तो म्हणाला, "ताई, मी चोर नई शे. चावी मनाजोडेच व्हती, हाई खरं शे. खोटं बोलीसन कसाले वाचू?"

भटूभाऊंना तो माणूस आवडला. पण चावी त्याच्याकडे, आणि मैदान गेलं तर बेघर होणार तोच. चाळीस वर्षं पोलिसांत काढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

कोठीत ललित केळीचे क्रेट मोजत होता. सगळी केळी एकसारखी पिवळी, वास दारापर्यंत आलेला.

"मंगळवारी संध्याकाळी माल लावला, ताई. ट्रंकेत करार होता, तेजसभाऊंनी बघितला. मग खिडकी, दार, सगळ्या फटींना ऑफिसच्या रद्दीतले कागद खळीने चिकटवले. हवा शिरली की केळी कच्चीपक्की होतात. आज सकाळी सगळ्यांसमोर पट्ट्या फाडून दार उघडलं."

"पट्ट्या शाबूत होत्या?"

"एक न् एक."

"ऑफिसात पेपर कधीपर्यंत येत होता?"

"मार्चमध्येच बंद केला."

चारुताईंनी दाराखालचे फाटके कागद गोळा केले. एक पट्टी भटूभाऊंच्या हातात देऊन म्हणाल्या, "वाचा बरं."

पट्टी इतरांहून सरळ होती, एकही सुरकुती नाही. कडेला तपकिरी डाग. "दुकानं सम-विषम तारखांना उघडणार..." भटूभाऊंनी वाचलं. "हो, त्या नियमाने आमच्या एरंडोलचा न्हावी अजून विषमात अडकलाय."

चारुताई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी पिशवीत ठेवली.

क्लबचे संस्थापक तोतारामनाना बाहेर खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. वय पंचाहत्तर, पांढरी बंडी, पेपर कडक.

"नवा कोरा दिसतो," चारुताई म्हणाल्या.

"आमच्या सौ. भिकुबाई इस्त्री फिरवल्याशिवाय पेपर घरात घेत नाहीत. विषाणू मरतो की नाही देव जाणे, बातम्या मात्र गरमागरम मिळतात."

"नाना, कुलूप तोडलेलं नाही."

"तुटणार कसं? माझ्या कापडदुकानाचं कुलूप ते. तीस वर्षांत दगा दिला नाही." नाना पुढे झुकले. "पोरी, काय वाटेल ते कर, पण झिपरूचं नाव घेऊ नकोस. त्याने नाही नेला."

"इतकी खात्री?"

"आहे खात्री."

ललित तेवढ्यात क्रेट घेऊन बाहेर आला. नानांनी वाकून एका फणीचा देठ चिमटीत धरला. "उद्या दुपारपर्यंत खपवा रे. परवा गळतील."

"नानांना केळीतलं कळतं वाटतं," चारुताई म्हणाल्या.

"छे, मी कापडवाला!"

साडेअकराला चारुताईंनी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. तेजसची नजर फाटकाकडे होती.

"चोराने दार उघडलं ते चावीने," त्या म्हणाल्या. "पण इथंच घोडं पेंड खातं. पट्ट्या शाबूत होत्या. म्हणजे त्याने आत जाऊन करार घेतला आणि बाहेर आल्यावर दाराला नव्या पट्ट्या चिकटवल्या."

"चोरी लपवायला," भटूभाऊ म्हणाले.

"चोरी आज उघडकीला येणारच होती, भाऊ. दार नुसतं लोटून गेला असता तरी त्याचं काय बिघडणार होतं? बिघडली असती ती केळी. क्लबचं भाडं या केळीतून निघतं. ती नासू द्यायला चोराचा हात धजावला नाही. असा चोर मी पहिल्यांदा पाहिला."

त्यांनी पिशवीतली पट्टी काढली.

"ऑफिसची रद्दी मार्चपर्यंतची. तेव्हा सगळीच दुकानं उघडी होती. सम-विषमचा नियम आला जूनमध्ये. म्हणजे ही पट्टी मंगळवारची नव्हे, नंतरची. झिपरूभाऊंकडे पेपर येत नाही, त्यांचं सगळं सामान तेजसने बाहेरच मांडून ठेवलंय. आणि या पट्टीवर सुरकुती नाही, डाग आहे तो करपल्याचा. हिच्यावरून इस्त्री फिरलीय."

त्या नानांकडे वळल्या.

"तीस वर्षांच्या कुलपाची दुसरी चावी दुकानदाराकडे असणारच. झिपरूने चोरी केली नाही, हे इतक्या ठामपणे एकच माणूस सांगू शकतो, ज्याने ती स्वतः केली तो. आणि कापड विकणारा माणूस देठ दाबून केळीचा दिवस सांगत नाही. नाना, केळी पिकवायच्या वखारीत काम कुठं केलंत?"

नानांनी हातातल्या पेपरची घडी घातली. "सावद्याला. बारा वर्षांचा होतो. दार उघडं राहिलं तर मुकादम जेवण बंद करायचा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, भटूभाऊंच्या मनात आलं. मोठ्याने म्हणायचं मात्र त्यांनी टाळलं.

नानांनी बंडीतून करार काढून मांडीवर ठेवला. "हो, मी चोरला! हा मिळवायला तीन वर्षं मालकाच्या ओट्यावर बसलो होतो. मीटिंगमध्ये पोरांच्या रिकाम्या खिशांपुढे मला नाही म्हणता आलं नाही. बारा वाजून एक मिनिट झालं की सांगणारच होतो."

"तोवर झिपरूभाऊंचा संसार रस्त्यावर आला होता," चारुताई कडक आवाजात म्हणाल्या.

नानांची मान खाली गेली. ते उठले, झिपरूसमोर गेले आणि या वयात त्यांनी त्याला वाकून हात जोडले. "चुकलो रे."

झिपरूने त्यांना खांद्याला धरून सरळ केलं.

तेजसने करार उचलला. बाराला दहा कमी होते. मैदानावरच्या रेघांकडे बघत त्याने विचारलं, "झिपरूदादा, तुमचाही चार महिन्यांचा पगार राहिलाय. तरी दर रविवारी रेघा मारता?"

"रेघा पुसाई ग्यात ते याले मैदान कोन म्हनी?"

फाटकाशी मोटरसायकल थांबली. मालकाचा माणूस हेल्मेट न काढताच आत आला. "करार सापडला का?"

"सापडला," तेजस म्हणाला.

"आणा मग."

तेजसने करार घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि ललितच्या क्रेटमधून केळी उचलली. "हा आमच्याकडंच राहणार, अकरा वर्षं. भाडं हप्त्याने पोचतं करू, साहेबांना सांगा. केळी पाहिजेत का? चाळीस रुपये डझन."

"उद्या महाग होतील," ललित म्हणाला.

पहिलं हसू फुटलं ते भटूभाऊंना. खिशातून चाळीस रुपये काढून त्यांनी ती केळी घेतली. तोवर झिपरूने आपलं गाठोडं खोलीत नेऊन ठेवलं होतं आणि चुन्याची बादली उचलून तो मधल्या रेघेकडे निघाला होता.