अकराव्या नंबरची तक्रार

चष्म्याच्या दुकानात दुपारी तीननंतर तासभर कोणी फिरकत नसे. मामा “जरा डोळे मिटतो” म्हणून आतल्या खोलीत जाई आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागे. भाची काउंटरवर बसून काचा पुशी.

त्या दुपारी दार ढकलून एक उंच, सावळा तरुण आत आला. खिशात स्क्रू ड्रायव्हर, बाहीवर ग्रीसचा डाग आणि हातात कागदांची गुंडाळी. तिनं सवयीनं त्याला खुर्ची दाखवली, एका डोळ्यावर झाकण धरायला दिलं आणि समोरचा तक्ता उजळला.

“वाचा.”

तो मुकाट्यानं वाचत गेला... अगदी तळाची, मुंगीच्या पायाएवढी ओळसुद्धा.

“डोळे उत्तम आहेत तुमचे,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मी चष्म्यासाठी नाही आलो.”

“मग वाचलंत कशाला?”

“तुम्ही वाचा म्हणालात...”

तो इतक्या सरळपणे म्हणाला, की तिला हसू आवरायला खाली बघावं लागलं.

“मी यादीसाठी आलोय,” कागदांची गुंडाळी सोडत तो म्हणाला. “बुद्धिबळाच्या. पत्ता इथलाच आहे ना?”

तिचं हसू मावळलं. दुकानाच्या वरच्या खोलीत तिचे चार एकसारखे कॉम्प्युटर अहोरात्र बुद्धिबळ खेळत असत. म्हणजे त्यांच्यावर इंजिनं खेळत – ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी लिहिलेले, बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम. ती त्यांच्या आपसात हजारो लढती लावी, निकालांवरून कोण किती तगडं ते ठरवी आणि क्रमवारी इंटरनेटवर टाकी. सात वर्षं हा उद्योग चालला होता. त्यातून मिळायचं काय, तर तक्रारी. आमचं इंजिन इतकं खाली कसं? ज्याला त्याला आपलंच बाळ गोरं.

“कुठलं इंजिन?” तिनं आवाज कोरडा केला.

“गोगलगाय.”

“अकरावी आहे ती. चांगली जागा आहे.”

“तीच तर तक्रार आहे. ती अकरावी असूच शकत नाही.”

“आणखी वर हवी असं सगळ्यांनाच वाटतं.”

“वर नाही हो. खाली.”

आतलं घोरणं थांबलं. मामाला असल्या गोष्टी झोपेतही ऐकू येत.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. पाळी दुपारी दोनला सुटे. त्यानंतरच्या वेळात गेली चार वर्षं तो गोगलगाय लिहीत होता. “तिची कुवत मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “पोटच्या पोराची असते तशी. घरी चार हजार डाव खेळवले. पंचविसाव्या नंबरच्या आसपास यायला हवी. तुमच्याकडे कुठेतरी चुकतंय.”

“सात वर्षांत माझ्या यादीत चूक निघालेली नाही.”

“शोधली होती कोणी?”

तिनं हातातली काच खाली ठेवली. एवढ्या मऊ आवाजात एवढं टोचणारं कोणी बोललं नव्हतं तिला.

“पहिल्या बारांना वार्षिक स्पर्धेचं बोलावणं जातं, माहीत आहे ना?”

“आलंय मला.”

“मग गप्प का नाही बसलात?”

तो जरा घुटमळला. “लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी असते. दहा चढली तरी बऱ्याचदा लिफ्ट चढते. म्हणून पाटीवर दहा नाही लिहीत आम्ही...”

ती जिन्याकडे वळली. “या वर.”

दुसऱ्या दिवसापासून तो रोज तीनच्या सुमाराला येऊ लागला. चारही खोकी टेबलावर ओळीनं मांडलेली, पंख्यांची एकसुरी घरघर. आणि या दोघांचं दळण. आधी सुरुवातीच्या मांडण्या तपासल्या. प्रत्येक मांडणीतून दोन्ही इंजिनं एकदा पांढरे आणि एकदा काळे मोहरे घेऊन खेळत, म्हणजे कोणाला झुकतं माप नको. तिथे सगळं चोख होतं. मग बेरजा तपासल्या. त्याही चोख.

“किती टापटिपीनं ठेवलंय सगळं तुम्ही,” तो म्हणाला. “मी उगाच आलो की काय असं वाटायला लागलंय.”

“मग जा.”

“अजून डावांचे कागद राहिलेत.”

“म्हणजे जाणार नाही.”

“आज तरी नाही.”

जिन्यात मामाच्या चपला वाजल्या. चहाचे पेले टेबलावर ठेवून तो पडद्यावरचं नाव वाचत म्हणाला, “गोगलगाय नि पोटात पाय.” आणि लिफ्टवाल्याला आपादमस्तक न्याहाळून खाली गेला. दोघांनीही पेल्यात बघतच चहा संपवला.

पाचव्या दिवशी त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

“हे बघा. इथे गोगलगायचा घोडा गेलाय, वजीर कोपऱ्यात अडकलाय... आणि तरी ती जिंकली.”

ती वाकून बघू लागली. आजवर तिनं निकाल पाहिले होते – जिंकली, हरली, बरोबरी. जिंकली ती कशी, हे पाहायची तिला गरज वाटली नव्हती.

“समोरच्याचा वेळ संपला,” ती हळूच म्हणाली.

मग एकेक कागद उलटत गेला. वेळ संपला... वेळ संपला... असे एक्क्याण्णव डाव निघाले. सगळे तिसऱ्या कॉम्प्युटरवरचे. सगळे दुपारी चार ते सहामधले.

साडेचार वाजले होते. दोघांनी एकदमच मान वर केली. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा जाड पट्टा आत आला होता आणि नेमका तिसऱ्या खोक्यावर पडला होता. त्यानं मोटरीवर ठेवावा तसा तळवा खोक्यावर ठेवला.

“हात लावून बघा.”

तिनं त्याच्या तळव्याशेजारी आपला तळवा टेकवला. पत्रा चटका देत होता. तरी दोघांपैकी कोणी लगेच हात काढला नाही...

खिडकीचा पडदा फाटला म्हणून तिनंच उन्हाळ्याच्या तोंडाशी काढून टाकला होता. तापलं की ते खोकं मध्येच अडखळे. शेवटच्या सेकंदापर्यंत विचार करणाऱ्या इंजिनांचा वेळ त्यात संपून जाई. गोगलगाय मात्र थोडा वेळ कायम राखून ठेवी – लिफ्टच्या दोराला गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद ठेवायची त्याची सवय त्यानं तिलाही लावली होती. आणि या खेपेला तिचे बहुतेक डाव त्याच खोक्यावर लागले होते.

सात वर्षांचा विश्वास एका फाटक्या पडद्यापायी गेला. तिचे डोळे भरून आले. आता हा म्हणेल, सांगितलं होतं ना. तिनं ते ऐकायची तयारी केली.

तो खिडकीची रुंदी वितीनं मोजत होता.

“पडदा मी उद्या आणतो. डाव पुन्हा लावू या.”

“तुमचं बोलावणं जाईल.”

“जाणारच. माझं नव्हतंच ते.” मग थांबून म्हणाला, “फक्त आईला सांगून बसलोय. शेजाऱ्यापाजाऱ्यांत सांगून झालंय तिचं. तेवढं जरा जड जाईल...”

तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ग्रीसचे डाग, थकलेले खांदे, आणि स्वतःचं नुकसान करून झाल्यावरचा तो शांत चेहरा. असं माणूस आपण याआधी पाहिलेलं नाही, असं तिला वाटलं. आणि ते तिनं मनातच ठेवलं.

चोवीस दिवस डाव चालले. जाड निळ्या पडद्याआड खोली गार झाली होती. गोगलगाय सव्विसावी आली. तिनं यादीच्या माथ्यावर लिहिलं, “चूक माझी होती. ज्या इंजिनाला तिचा फायदा झाला, त्याच्याच लेखकानं ती दाखवून दिली.” लोक तोंडसुख घेतील असं तिला वाटलं होतं. आली ती आभाराची पत्रं. पहिल्या नंबरवाल्यानं तर लिहिलं, की आता माझा नंबर मला जास्त खरा वाटतो.

आणि लिफ्टवाला यायचा थांबला. काम संपलं होतं, तो कशाला येईल? एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले. दार वाजलं की तिची मान वर होई.

“एकच काच किती पुसशील?” मामा म्हणाला. “झिजेल ती.”

तेराव्या दिवशी तो आला. खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यानं काउंटरवर ठेवला.

“नवी गोगलगाय. तपासून घ्यायची होती.”

तिनं तो उचलला नाही. “मी नाही तपासणार.”

त्याचा चेहरा उतरला. “रागावलात?”

“नाही. दुसऱ्या गावी एक निवृत्त शिक्षिका आहेत, माझ्याच पद्धतीनं डाव लावतात. त्यांच्याकडे पाठवा. निकाल त्यांचा मी जसाच्या तसा छापेन.”

“पण का?”

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. घोरणं चालू होतं – जरा जास्तच नेमानं.

“डाव लावणाऱ्यानं कोणाची बाजू घ्यायची नसते. सात वर्षांत घेतली नाही मी. पण त्या चोवीस दिवसांत... गोगलगाय हरायला लागली की मला जेवण जात नव्हतं. एकदा तर मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाठ करून बसले. अशा माणसानं क्रमवारी ठरवू नये.”

त्याचे कान लाल झाले होते. मग त्यानं पेन ड्राइव्ह उचलून खिशात टाकला.

“मग माझंही खरं सांगतो. हिच्यात फारसं काही सुधारलेलं नाही. दोन-चार ओळी बदलल्यात. इथे यायला निमित्त मिळेना... म्हणून बसून केलं.”

“बारा दिवस?”

“सुचतच नव्हतं काही.”

ती हसली. आज खाली बघावं असं तिला वाटलं नाही.

“इंजिन नको आणूस इथे,” ती म्हणाली. “तू ये.”

‘तू’ तोंडून निघून गेल्यावर तिच्या ध्यानात आला. परत घ्यायला उशीर झाला होता, आणि तिला तो घ्यायचाही नव्हता.

“कधी?” त्यानं विचारलं.

“उद्या. तीनला.”

“उद्या पाळी बदललीय, संध्याकाळपर्यंत आहे.”

“मग आत्ता थांब ना...”

तो काउंटरच्या बाजूचं स्टूल ओढून बसला.