बुधवारच्या पहिल्या तीन ओळी

शीतगृहाचे दार उघडले तेव्हा आत चाळीस हजार गुलाब उभे होते आणि त्यांतला एकही जिवंत नव्हता.

आंबी गावच्या हद्दीत हौशीराम गराडे यांच्या गुलाबांच्या शेडवर बुधवारी सायंकाळी पाच वाजता हा प्रकार उघडकीस आला. पाकळ्या काचेसारख्या कडक झाल्या होत्या. बाहेरची हवा लागली तशा त्या काळ्या पडू लागल्या. फुले दोन अंशांवर राखायची असतात. कोणीतरी ती उणे सहावर नेली होती. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता आणि माल परदेशी जायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणावळ्यात अम्मारा तांबोळी हिच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानात फोन वाजला.

"चार वाजता फौजदार येणार आहेत," हौशीराम म्हणाले. "त्याच्या आत मला तुमच्या सहीचा कागद पाहिजे. शिदूनंच केलं, असा. तो जन्मात परत मान वर करणार नाही अशी सोय करतो मी."

"कागद देते. काय लिहायचं ते यंत्राला विचारून ठरवीन," अम्मारा म्हणाली.

अम्माराचे वडील नूरमहंमद रेल्वेच्या केबिनमध्ये होते. पुढच्या स्टेशनाचा होकार हाती आल्यावाचून त्यांनी कधी गाडी सोडली नाही. काल लाइन मोकळी होती म्हणून आजही असेल असे जो धरून चालतो तो माणसे मारतो, असे ते म्हणत. मुलीने केबिन पाहिली ती लहानपणी, परंतु हे वाक्य तिच्या अंगी मुरले होते.

गुरुवारची आठवड्याची सुट्टी असल्यामुळे आजूबाजूचे कारखाने बंद होते. अम्मारा आंबीला पोचली तेव्हा शेडमध्ये एका रिकाम्या क्रेटवर शिदू बसला होता. लोहगडवाडीच्या वरच्या वस्तीवरचा हा पन्नाशीचा माणूस शीतगृहाची राखण करी. बुधवारी सगळे जण मालकाच्या पुतण्याच्या हळदीला पवनानगरला गेले असता, अकरापासून पाचपर्यंत तो एकटाच येथे होता.

"आबा, यंत्राचे आकडे तुम्ही बदलले का?"

"न्हाई. मी फकस्त सकाळी माझं चार आकडं दाबतो, हजेरीचं. मला आकडं कळत्यात, अक्षरं न्हाई."

"दुपारी काय झालं?"

"दोनच्या सुमाराला दाराच्या मुठीला बर्फ धरला व्हता. मी दार उघडलं. आत धुकं. लगेच अमृतसाहेबाला फोन लावला. ते म्हनले, बर्फ धरतोच, दार लाव अन् परत उघडू नको."

"मग तुम्ही?"

"लावलं. साहेबाचं आमी न्हाई ऐकायचं तर कुणी?" त्याने शीतगृहाच्या दाराकडे हात केला. "ताई, आता ते म्हनत्यात मी रजेसाठी फोन केलता. अन् यंत्र म्हनतं दार उघडलंच न्हाई."

यंत्र खरोखरच तसे म्हणत होते. अमृत शेळके हा शेडचा अभियंता, तिशीचा, शांत बोलणारा. वर्षापूर्वी तो नोकरीला लागला आणि शीतगृह चालविणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला. नियंत्रणखोलीत हौशीरामांसमोर त्याने बुधवारची नोंद पडद्यावर आणली. एक वाजून दहा मिनिटांनी शिदूचा तोच चार आकडी संकेतांक टाकून तापमान उणे सहा केलेले होते आणि साडेचारला ते पूर्ववत केलेले होते. दार उघडल्याची एकही ओळ दिवसभरात नव्हती.

"ही नोंद कोणी हाताने बदलली असेल तर?"

"अशक्य. रोजची फाईल वेगळी, आणि तिच्यातली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला साखळीने बांधलेली आहे. एक अक्षर हललं तर पुढची सगळी फाईल खोटी ठरते. तपासून पाहा."

तिने तपासले. साखळी अखंड होती.

"आणि रोज सकाळी सहाच्या या तीन ओळी कसल्या?" तिने मंगळवारच्या पानावर बोट ठेवले. तेथे लिहिले होते: प्रोसेसर किती, ४. एका वेळी किती फायली उघडता येतील, १०२४. दाराची तार जोडली आहे का, होय.

प्रथमच अमृतच्या चेहऱ्यावर अभिमान आला. "माझा प्रोग्राम काही गृहीत धरत नाही. आळशी माणसं असे आकडे प्रोग्राममध्येच कोरून ठेवतात. मग यंत्र बदललं की सगळं कोसळतं. माझा प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, तुझी मर्यादा किती, तुझ्याजवळ ही सोय आहे का. सोय असेल तर वापरतो, नसेल तर तिच्यावाचून चालतो. शीतगृह चालवणाऱ्या या पेटीत चार प्रोसेसर आहेत, माझ्या या लॅपटॉपमध्ये आठ. प्रोग्राम तोच, दोन्हीकडे चालतो."

"चांगली सवय आहे," अम्मारा म्हणाली. "नोंद तुमच्याशिवाय कोणी हाताळली?"

"हळदीहून परतल्यावर, साडेपाचला, मीच उतरवून घेतली. त्याआधी दिवसभर मी मालकांच्या शेजारी बसलो होतो. विचारा त्यांना."

तेवढ्यात संगीता चहा घेऊन आली. फुले बांधणारी ही बाई आंबीतच सासरी नांदत होती. तिच्या उजव्या हाताला दोनच बोटे होती. हौशीरामांना आणि अम्माराला तिने दुधाचा चहा दिला. अमृतपुढे मात्र कोणी काही न सांगता बिनदुधाचा काळा चहा ठेवून ती निघून गेली.

अम्माराची नजर त्या हाताकडे गेलेली पाहून हौशीराम म्हणाले, "दोन वर्षं झाली. फुलं निवडायच्या यंत्रात घातला हात. निष्काळजीपणा, दुसरं काय. रीतसर अहवाल आहे आपल्याकडे, साक्षीला ह्याच शिदूचा अंगठा आहे. तरी कामावर ठेवली आपण."

अमृतने चहाला हात लावला नाही.

पुढचे तीन तास अम्मारा नियंत्रणखोलीत एकटीच होती. मंगळवारच्या नोंदीत दार उघडल्याच्या सव्वीस ओळी निघाल्या. मग बुधवारची, मग त्या सकाळची, गुरुवारची. बुधवारच्या पहिल्या तीन ओळींतली उत्तरे तिने वहीत उतरवली: ८, १०४८५७६, नाही. गुरुवारची उत्तरे त्याखाली लिहिली. पेटीचे सील पाहिले. धूळ बसलेले, अभंग. शेजारी दुसरी एक पेटी होती, फुले निवडायच्या यंत्राची. तिच्यावर बोटभर धूळ होती. अम्माराने तिच्यातली नोंदही उघडली.

चार वाजता फौजदार रंजना शिर्के आल्या. हौशीरामांनी शिदूला पुढे ओढले. "घेऊन जा ह्याला. माझी फुलं जशी काळी पडली तसं ह्याचं तोंड काळं झालेलं बघायचंय मला."

"थांबा," अम्मारा म्हणाली. "अमृतसाहेब, तुमचा प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपवर चालवून दाखवा. फक्त पहिल्या तीन ओळी."

अमृत जागचा हलला नाही. फौजदारांनी मान हलवली तेव्हा त्याने कळ दाबली. पडद्यावर उत्तरे उमटली. आठ. दहा लक्ष अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर. नाही.

अम्माराने वही उघडून फौजदारांपुढे धरली. तीच उत्तरे, त्याच क्रमाने.

"ही बुधवारच्या नोंदीची सुरुवात आहे," ती म्हणाली. "मंगळवारी पेटीने चार प्रोसेसर सांगितले, आज सकाळीही चारच. सील कोणी तोडलेलं नाही. मग बुधवारी एकाच दिवसासाठी तिला आठ प्रोसेसर कुठून आले? बुधवारची नोंद या पेटीत जन्मलेलीच नाही. ती या लॅपटॉपमध्ये जन्मली."

पुढचा उलगडा तिने सावकाश केला. नोंद हाताने बदलता येत नव्हती, कारण साखळी तुटली असती. तेव्हा अमृतने आधीच, आपल्या लॅपटॉपचे घड्याळ पुढे सारून, तोच प्रोग्राम तेथे चालवला, शिदूचा संकेतांक टाकला आणि बुधवारचा एक संपूर्ण खोटा दिवस तयार करून ठेवला. बुधवारी निघण्यापूर्वी त्याने खऱ्या पेटीला वेळ लावून दिली: एक दहाला उणे सहा, साडेचारला पुन्हा दोन. परतल्यावर नोंद उतरवून घेण्याच्या निमित्ताने खरी फाईल काढली आणि खोटी बसवली.

"शिदूआबा दार उघडलं म्हणतात ते खरं आहे; पाचला तुम्ही सगळ्यांनी उघडलं तेही नोंदीत नाही. पण लॅपटॉपला दाराची तार नव्हती. प्रोग्रामने विचारलं, उत्तर आलं नाही, आणि तो तारेवाचून चालला. ज्याला दारच ठाऊक नाही तो दार उघडल्याचं कसं लिहील? साहेब, तुम्ही वेळ बदलली, नाव बदललं. ही तीन उत्तरं मात्र पाहिली नाहीत, कारण ती रोज तीच असतात."

"आणि कारण काय?" फौजदारांनी विचारले.

"काळा चहा. न विचारता कोणाला कसा चहा लागतो हे घरच्या माणसाला ठाऊक असतं. संगीताताईंचं माहेरचं नाव मी त्यांच्या नवऱ्याला फोन करून विचारलं. शेळके."

हौशीराम अभियंत्याकडे पाहतच राहिले. अमृत उठून उभा राहिला. त्याच्या आवाजात कंप नव्हता.

"बहीण दवाखान्यात पडली होती आणि ह्यांनी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. ते वाक्य मी वर्षभर रोज म्हणत होतो. ह्यांचा माल ह्यांच्या डोळ्यांदेखत मरावा आणि ज्यानं साक्ष दिली त्याच्यावरही हेच वाक्य लिहिलं जावं, एवढंच मला हवं होतं. मला पश्चात्ताप नाही. कागदाला अंगठा लावताना ह्याला तरी कुठे झाला?"

शिदूने आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"मालक म्हनले, पोरीला दवाखान्याची मदत मिळायची हाय, अंगठा दे. मी दिला. अंगठा माझा हाय, साहेब. त्यातला शब्द माझा न्हाई."

अमृतने त्या अंगठ्याकडे पाहिले. प्रथमच त्याची नजर खाली गेली.

अम्माराने वहीतून दुसरा कागद काढला. "हा निवडयंत्राच्या पेटीतला आहे. तो प्रोग्राम आधीच्या अभियंत्याचा, पण त्यालाही विचारायची सवय होती. अपघाताच्या दिवशी सकाळची ही ओळ."

फौजदारांनी मोठ्याने वाचले. "संरक्षक जाळी बसवली आहे का, नाही. जाळीवाचून यंत्र चालू करायचे का, होय. संकेतांक, मालक."

हौशीरामांनी कागद ओढून घ्यायला हात पुढे केला. जाळी काढली की पट्टा वेगाने पळतो, हे त्यांना आंबीत सगळ्यांच्या आधी ठाऊक होते.

"ही पेटी तुमच्या टेबलापासून चार पावलांवर होती," अम्मारा अमृतला म्हणाली.

"त्या यंत्राकडे मी वर्षभर पाठ करून बसलो," तो म्हणाला. "बघवत नव्हतं."

फौजदारांनी वहीतले पान आणि हा कागद एकाच पाकिटात घातले आणि मालक व अभियंता दोघांनाही गाडीत बसायला सांगितले. संगीता दारात उभी होती. मघाचा काळा चहा टेबलावर तसाच होता. तिने तो दोन बोटांनी उचलला आणि भावाच्या वाटेत उभी राहिली.

"येकदा मला इचारायचं तरी, दादा," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं, त्या दिवशी जाळी नव्हती."