सगळ्यात हळू तो पुढे

तरुणपणी हुकलेलं तळं पंचावन्नाव्या वर्षी गाठायचं, एवढ्याचसाठी ही मोहीम निघाली होती. उंच डोंगरकड्यात एक खिंड, आणि खिंडीपलीकडे बर्फाचं पाणी साठून झालेलं हिरवं तळं! भिंगरी ते कधीच विसरली नव्हती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं हे नाव आता तिच्या पायांना शोभत नव्हतं, पण जुनी माणसं तिला त्याच नावाने हाक मारायची.

घाई करण्याचं कारण तिच्या उजव्या गुडघ्यात होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. "नंतर सपाटीवर हवं तेवढं फिरा, डोंगर मात्र विसरा," ते म्हणाले होते. म्हणजे तळं बघायचं तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सोबत कोण आलं असतं?

सोबत दोघंच होती. एक कासव, तिची जुनी मैत्रीण. पहिल्या मोहिमेत खिंडीच्या अगदी खाली तिचे पाय दुखायला लागले आणि सगळ्यांना माघारी फिरावं लागलं, तेव्हापासून ती कासव. आता ती नर्स होती, आणि वॉर्डात दिवसभर चालून तिचे पाय तारेसारखे झाले होते. दुसरे भिंगरीचे धाकटे दीर. चष्म्याचं दुकान चालवणारे हे भाऊजी पोट आणि कुरकुर दोन्ही बरोबर घेऊन आले होते.

डोंगरांनी भिंगरीला एक नियम शिकवला होता. सगळ्यात हळू माणूस पुढे, सगळ्यात दमदार शेवटी. पुढच्याच्या पावलाने सगळे चालणार, आणि परत कधी फिरायचं तेही पुढचाच ठरवणार. हा नियम तिने जन्मभर पाळला. ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मुकादम होती. तिथे सगळ्यात हळू हाताची बाई पहिल्या मशीनवर बसायची, म्हणजे मागच्या बायकांपुढे कापडाचे ढीग साचत नसत. मालकाने आधी कपाळाला हात लावला. मग कॉलर उलट्या लागायच्या थांबल्या तेव्हा तो गप्प बसला. घरी लेकीचं जेवण रेंगाळलं तर तिचं आटपेपर्यंत कुणी ताटावरून उठत नसे. नवरा होता तोवर तोही बसून राहायचा.

तेव्हा याही वेळी भाऊजी पुढे, कासव मध्ये आणि भिंगरी शेवटी.

जंगलात वादळाने झोपवलेली झाडं आडवी आली. दर खोडावरून पाय टाकताना गुडघ्यातून कळ यायची आणि ती ओठ दाबून धरायची. मग ओढा आला. पाणी कमरेपर्यंत, आणि असं गार की श्वासच अडकला! दोर धरून तिघं पलीकडे गेली. संध्याकाळी वाऱ्याने तंबूचं वरचं कापड उडवून दरीत नेलं. ओल्या कपड्यांत कुडकुडत भाऊजी म्हणाले, "वहिनी, दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. मी दुकानातून रोज बघतो, छान दिसतात."

"गप्प झोपा, भाऊजी," भिंगरी म्हणाली. तिला हसण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

सकाळी तिघं शेवटच्या चढाला लागली. सगळा उतार सुट्या दगडांचा होता, आणि त्यात धुकं उतरलं. पुढे कासवाची लाल पिशवी दिसत होती, मग नुसता लाल डाग दिसला, मग तोही दिसेना. भिंगरी थांबली. भाऊजींच्या पावलानेही तिला चालवत नव्हतं! आणि ती शेवटी असल्यामुळे हे कुणाला कळत नव्हतं.

पायाखालचा दगड सरकला. मग दुसरा. मग अख्खा उतारच सरकला! ती घसरत गेली, एका खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारून थांबली. दगड तिच्या अंगावरून खाली गेले आणि कुठेतरी फार खोल आपटले.

शिट्टी गळ्यात होती. पण शिट्टी वाजवायची म्हणजे कबूल करायचं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी ती तिथे चिकटून स्वतःच उठायला गेली. गुडघा वाकला. ती पुन्हा घसरली! तेव्हा मात्र तिने शिट्टी वाजवली, जीव खाऊन वाजवली.

कासव दोर घेऊन खाली आली. तिने आधी गुडघा चाचपला, मग तोंड उघडलं.

"कधीपासून आहे हे?"

"वर्ष झालं असेल."

"मग शेवटी कशाला चालत होतीस?"

"मी नेहमी शेवटीच चालते."

"अगं बाई, शेवटचा माणूस मागे पडला तर पुढच्यांना कळणार कसं?" कासवाने दोर तिच्या कमरेला बांधला. "आता पुढे हो."

धुकं जरा फाटलं. खिंड समोर होती, अगदी जवळ. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! भाऊजी वरून उतरून आले होते. ते म्हणाले, "वहिनी, मी पळत जाऊन फोटो काढून आणतो."

"तुम्ही पळाल तर डोंगरच खाली येईल, भाऊजी." तिचे डोळे भरून आले होते.

"पुढचा ठरवतो," कासव म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

भिंगरी खिंडीकडे बघत राहिली. रांगत का होईना, वर ती पोचली असती. पण उतरताना या दोघांना तिला उचलून आणावं लागलं असतं, याच धुक्यातून, याच दगडांवरून. आयुष्यभर तिने पुढच्याच्या पाठीकडे पाहिलं होतं. पुढे उभं राहिल्यावर इतकं जड वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"फिरा," ती म्हणाली, आणि रडली.

खालच्या सपाटीवर तिघं कोमट सूप प्यायली. भाऊजींना बसल्या बसल्या डुलकी लागली.

"तेव्हा तूही इथूनच फिरलीस," भिंगरी म्हणाली. "आणि मी मात्र खाली जाऊन पंधरा दिवस अंथरुणात. हळहळीने आजारी पडले होते मी."

"हळहळीने नाही. न्युमोनिया होता तो. तुझ्या छातीतली घरघर मला पुढे ऐकू येत होती."

भिंगरीने कप खाली ठेवला. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर फिरली असतीस?"

"नसते."

"म्हणून मग माझे पाय दुखायला लागले," कासव म्हणाली, आणि तिने आपलं उरलेलं सूप भिंगरीच्या कपात ओतलं.

शस्त्रक्रियेनंतर भिंगरी काठी टेकत कारखान्यात परतली. बायकांनी मागच्या रांगेतली मुकादमाची खुर्ची पुसून ठेवली होती. ती खुर्चीपाशी गेलीच नाही. पहिल्या मशीनवर बसली आणि कॉलर शिवू लागली. पाय मशीनच्या पायडलवर नीट बसेना. सुई अडायची, ती थांबायची, पुन्हा सुरू करायची. तिच्या मागे सगळी रांग सावकाश चालली होती.

तासाभराने गुडघा ठणकायला लागला. तिने पाय मशीनखाली जरा लांब केला आणि शिवत राहिली.

"बाई," मागच्या मशीनवरची मुलगी म्हणाली, "माझी पाठ फार भरून आलीय. जरा थांबू या का सगळ्या?"

भिंगरीने वळून पाहिलं. त्या मुलीची पाठ ठणठणीत होती.

"थांबू या," ती म्हणाली.