साठच्या पुढे

तो आला होता फक्त चाकांत हवा भरायला.

तिचं गॅरेज वळणावरचं, आणि इंजिनांचं ट्यूनिंग हे तिचं काम. हवा भरून झाली, तरी चष्म्याच्या दुकानाचा तो मालक आपल्या वीस वर्षं जुन्या गाडीत बसेना. दारावर हात ठेवून नुसता उभा!

"ही साठच्या पुढे जात नाही," तो शेवटी म्हणाला. "साठला कुणीतरी पाऊल धरून ठेवतं. आणि शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा दिवा लागतो... सीट रिकामी असताना."

"वायर सैल असेल."

"दादा बसायचा तिथे. मागच्या वर्षी आजारपणात गेला."

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून हसू ओठांतच राहिलं. त्याला बाहेर थांबवून तिने एकटीने गाडी चालवून पाहिली. साठ — आणि पायाखालचं पेडल मेलं. शेजारी लाल दिवा. भर दुपारी तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

परत येऊन तिने ट्यूनर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं मुठीत मावणारं यंत्र, डॅशबोर्डखाली जोडला. "बिघाड एकही नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी वेगाची मर्यादा लिहून ठेवलीय. दिव्याचं मात्र मला कळत नाही."

"दादानेच लिहिली असणार. त्याला हे सगळं यायचं. मी गाडी पळवली, की त्याच्या जिवाला घोर." तो थांबला. "काढता येईल?"

"कंपनीची मूळ फाइल माझ्याकडे आहे, ती घालता येईल. पण एरवी आम्ही आधी आतल्या फाइलची नक्कल जपून ठेवतो. ह्या जुन्या कॉम्प्युटरमधून ती निघतच नाही. दादांचं पुसलं, की पुसलंच."

त्याने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "पुसा. स्वतःच्या सख्ख्या भावाची भीती वाटावी, हे बरं नाही हो."

"लगेच नाही. जुनी गाडी आधी ठणठणीत करायची, मग तिच्या डोक्याला हात लावायचा."

त्याचं दुकान बुधवारी बंद असे. पहिल्या बुधवारी प्लग बदलले. दुसऱ्या बुधवारी तडकलेला रबरी पाइप. तिसऱ्या बुधवारी प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल.

"ट्यूनरबाई, तुमच्या यादीला काही अंत?"

"जुन्या गाडीच्या यादीला नसतो, चष्मेवाले."

"मग मी काही तक्रार करत नाही..." तो चष्मा पुसत म्हणाला. चष्मा स्वच्छच होता.

चौथ्या बुधवारी नवी बॅटरी बसली. त्या सकाळी ती धुतलेला शर्ट घालत असताना तिच्या आईने विचारलंच, "आज बुधवार वाटतं?" ती लाजली. प्रेमात पडली होती, उगाच आडपडदा कशाला? कॉइल खरं तर अजून सहा महिने चालली असती. धंद्यात पहिल्यांदाच ती खोटं बोलली होती. कारण काम संपलं, की त्याच्या येण्याचं निमित्तही संपणार होतं.

पाचव्या बुधवारी यादीत काहीच उरलं नाही.

तिने बॅटरीला चार्जर लावला, पंखा, रेडिओ, दिवे बंद केले. "मूळ फाइल आत जायला सात मिनिटं लागतील. चावी, दार, वायर, कशालाही हात लावायचा नाही. मध्येच तुटलं, तर कॉम्प्युटर कामातून गेला."

तो स्टिअरिंगमागे बसला, ती शेजारच्या सीटवर. गाडी सकाळपासून सावलीत उभी होती, तरी सीट कोमट होती... आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

ट्यूनरचं बटण दाबताच सगळे दिवे एकदम पेटले. काटे थरथरले. पुढचा, इंजिनाचा पंखा घोंघावू लागला. हे असं होतंच, तिला ठाऊक होतं. तरी ती ट्यूनरवरच्या आकड्यांवरून नजर हलवेना.

चाळीस टक्के. पन्नास. साठ...

साठवर आकडा थांबला.

एक मिनिट. दोन मिनिटं. शेजारचा लाल दिवा जळत होता. त्याचा हात चावीकडे गेला.

"नको!" ती पुटपुटली. "आता थांबणं, एवढंच आपल्या हातात आहे."

त्याने हात मांडीवर घेतला. मग तिच्या खांद्यामागे कुणी बसलं असावं तसं तिकडे बघत, हळूच म्हणाला, "दादा, जाऊ दे रे. मी सांभाळून चालवीन. शप्पथ."

पंखा थांबला. त्या शांततेत तिला आपल्या मानेवर एक श्वास स्पष्ट जाणवला. आणि पट्ट्याचा दिवा विझला.

एकसष्ट. बासष्ट. मग आकडे भराभर पळाले.

चाचणीसाठी दोघं रिकाम्या मोठ्या रस्त्यावर गेले. ती ट्यूनरवर इंजिनाचं तापमान बघत होती. वेगाचा काटा चढत गेला. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, पासष्ट! गाडी लोण्यासारखी धावली. दिवा लागला नाही. त्याने गाडी कडेला घेतली, चष्मा काढला आणि लहान मुलासारखा रडला.

तिने ट्यूनर खाली ठेवला. "माझं चुकलं का? आणि... ती कॉइल चांगली होती. तुम्ही यावं म्हणून बदलली मी."

"ठाऊक होतं मला."

"कसं?"

"कॉइल तपासायला दादानेच शिकवलं होतं." तो रडता रडता हसला. "तरी आलोच ना? दर बुधवारी?"

काम संपलं होतं, आणि तो गाडी सुरू करत नव्हता.

"वर्षभर ह्या गाडीत मी एकटा कधी नव्हतो," तो म्हणाला. मग सगळा धीर एकवटून त्याने तिचा काळाकुट्ट, तेलकट हात हातात घेतला. "आज पहिल्यांदा आपण दोघंच आहोत. गॅरेज आलं, तरी तू... उतरू नकोस."

ती उतरली नाही.