सहावी मूठ

लोटन दगड फोडायच्या आधी दगडाशी बोलतो, असं लोक म्हणायचे. बोलतो कसला, ऐकायचा. लहान हातोडी घेऊन दगडाभोवती फिरायचं, बोटाबोटावर टकटक करायची, कान लावायचा. भरीव दगड खणकन वाजतो. जिथं आवाज बसतो तिथं शीर. शिरेवर कोळशाची फुली मारली की अर्धं काम झालं. मग ओळीनं भोकं, भोकात लोखंडी पाचरी, आणि वरून घण. बास.

ही विद्या त्यानं दोघांना दिली. एक जावई रुपचंदला आणि एक लेक शेवंताला. बाईमाणसानं घण धरू नये म्हणतात, म्हणून ती नुसता कान धरायची. पण कान असा तिखट, की बाप दोनदा टकटक करी तिथं तिला एकदाच पुरे.

सत्त्याऐंशी सालचा श्रावण. पावसामुळं विहिरींची कामं बंद होती. चोपड्याच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याला जीवराम नानाचं गाव. नानानं नवा ट्रॅक्टर घेतला होता, पण अंगणात मधोमध काळा दगड. ट्रॉली वळतच नव्हती. दगड बैलाएवढा. लांबून पाहिलं तर कुणी घोंगडी पांघरून, गुडघे पोटाशी घेऊन बसलंय असं वाटायचं.

"लोटनभाऊ, कितला दिन लागतीन?" जीवराम नानानं विचारलं.

"तीन दिन. चौथा दिन मी आठे दिसाव नही."

दिसून चालणार नव्हतंच. गुरुवारी शेवंताला आणायचं होतं. पहिलं बाळंतपण, आठवा महिना. तिची आई दोन वर्षांमागं गेली. शिरपूरच्या बशीनं ती चोपड्याच्या ष्टँडवर उतरणार आणि बाप तिथं उभा असणार, असा शब्द होता. लोटननं जन्मात एक गोष्ट कमावली होती, ती म्हणजे शब्द.

शनिवारी त्यानं दगड वाजवून पाहिला. खणकन वाजला नाही. शिरेसारखाही वाजला नाही. चारा खाऊन बसलेल्या बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसा वाजला. बद, बद. लोटननं कान झाडला, हातोडी बदलली. तसंच. वरून तर पावसाची झिमझिम, आणि दगड कोमट लागत होता.

ओट्यावर नानाची म्हातारी आई तानुबाई सूप घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी घरात कानबाई देवी बसणार, म्हणून रोटाचे, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे गहू मोजत होती. घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ. लोटन खानदेशातलाच, त्याला काय सांगायचं. नाना, नानाचा भाऊ, तीन पोरं. पाच झाले. म्हातारीनं सहावी मूठ टाकली.

"माय, सहावी कोनी?"

"अंगनमा बसेल शे त्यानी," तानुबाई म्हणाली. मान वर केली नाही.

दर साली एक रोट दगडावर ठेवतात, सकाळी नसतो, असं नानानं हसत सांगितलं. "कुत्रं खात असेल," लोटन म्हणाला.

"माय म्हने, रोट व्हवू दे, मंग फोड. पन माले ट्रॉली आनानी शे."

लोटननं शेंदूर लावलेले दगड फोडले होते, नारळ वाहिलेले फोडले होते. दगड तो दगड. दुपारी उजव्या अंगाला शीर सापडली. फुली मारली आणि कामाला लागला.

रविवारी दगड फाटला. फाटला म्हणजे आवाजच झाला नाही. नुसता मोकळा झाला, जसा दम सोडावा. आत, पार गाभ्यात, एक छिन्नी होती.

लोटन खाली बसून पाहत राहिला. वर भेग नाही, भोक नाही. दगड अख्खा होता, त्यानं स्वतः बोटाबोटानं तपासला होता. छिन्नीचं डोकं घणाच्या मारानं पसरलेलं, वापरातली छिन्नी. आणि दगडानं ती चहूबाजूंनी धरलेली, मुठीत धरतात तशी.

त्यानं ती तानुबाईला दाखवली.

"कोनी तरी इसरी गया व्हई," म्हातारी म्हणाली आणि चुलीकडं वळली.

लोखंड चांगलं होतं. लोटननं धार लावून घेतली आणि तीच वापरायला काढली.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं. तोवर इकडं दगडाचे तुकडे ट्रॉलीत भरून नाल्यात टाकून झाले. अंगणात खड्डा राहिला, आणि खड्ड्यात बुडखा, टोपलीएवढा. दुपारी घरचे पाच जण रोट खायला बसले. सहावा ताटात तसाच.

आता रोटाचा नेम कडक. तो उंबऱ्याबाहेरच्याला देत नाहीत. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत. टाकायचा तर नाहीच. तानुबाई ताट घेऊन सरळ अंगणात आली.

"ज्यानी जागा रिकामी करी, त्यानी खावा."

"मी परका, माय."

"खाई ले. मंग परका कसाना?"

लोटनला हसू आलं. नाना ओट्यावर पोरांशी बोलत होता, त्याचं लक्षही नव्हतं. सकाळपासून पोटात चहाच होता. खीर होती, गंगाफळाची भाजी होती. लोटननं रोट खाल्ला. म्हातारी शेवटचा घास जाईपर्यंत उभी राहिली, मग रिकामं ताट घेऊन गेली.

पोट फार जड झालं. पाऊस वाढला तशी त्यानं घोंगडी ओढून घेतली आणि खड्ड्यात उतरला. बुडखा तेवढा उपटला की मोकळा. छिन्नी मुठीत धरली, गुडघे पोटाशी घेतले. म्हटलं, जरा टेकू.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. मंगळवार. अंग आखडलं होतं. होतं असं पावसाळ्यात. घोंगडी चिंब व्हायला पाहिजे होती, पण पाणी नुसतं वरून ओघळून जात होतं. उठावं म्हणून त्यानं हात टेकवायला पाहिला. हात टेकलेलाच होता, गुडघ्यावर.

जीवराम नाना अंगणात आला. लोटननं हाक मारली. मारली असं त्याला वाटलं. नाना त्याला वळसा घालून गेला आणि पोरांना म्हणाला, ट्रॅक्टर बाहेरच राहू द्या.

कोंबडी येऊन गुडघ्यावर बसली. त्यानं हाकलली नाही.

बुधवारी नानाच्या पोरानं त्याच्यावर ओलं धोतर वाळत घातलं.

गुरुवारी सकाळी पहिली बस खाली फाट्यावरून गेली. तिचा आवाज त्यानं ऐकला. मग दुपारची ऐकली. मग संध्याकाळची. कान अजून चांगला होता.

शुक्रवारी शेवंता आली. चिखलातून चालत, एका हातात पिशवी, एक हात कमरेवर.

"नाना, मना आबा आठे कामले उनता ना?"

जीवराम नाना ओट्यावर पान लावत होता. "उनाच नही, माय. तीन दिन वाट पाही. देख ना, दगड शे तठेच शे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडावर खोटं नव्हतं. लोटन तोंडाकडंच पाहत होता.

शेवंता दमली होती. दगडाला पाठ टेकून बसली. बापाच्या अंगाला तिची पाठ लागली, आणि पाठीतून लेकराची लाथ. एक, मग अजून एक.

"कोमट शे," ती आपल्याशीच म्हणाली.

तानुबाईनं तिला पाणी दिलं. देताना म्हातारीनं तिच्या डोक्यावरून लोटनकडं पाहिलं. ओळखीच्या माणसाकडं पाहतात तसं.

पाणी पिऊन शेवंतानं पायाशी पडलेला एक खडा उचलला. सवयच ती. टक. टक. कान लावला. डावीकडं सरकली, पुन्हा लावला. लोटननं आतून सगळा जीव गोळा केला. शेवंता, शेवंता, शेवंता. तिनं भुवया उचलल्या. अजून एकदा वाजवलं, आणि शीर सापडली तशी हळूच मान डोलावली.

"आबा दुसरा कामवर गया व्हई, नाना," ती उठत म्हणाली. "पन आमना शब्द जावाले नको. मना घरवाला फोडी दी. सोमवारले धाडी देस. माय, एक कोयसा दी बरं."

तानुबाईनं चुलीतला कोळसा आणून दिला.

शेवंतानं फुली मारली. उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली, मुठीतल्या छिन्नीच्या सरळ रेषेत.

बरोबर जागी मारली होती.