हसणाऱ्या बाईची काच

“रविवारी सकाळी मी त्याला पोलिसांच्या ताब्यात देणार आहे,” उमामाबाई म्हणाल्या. “त्याआधी मला खात्री हवी.”

उत्तर रियाधमधल्या त्या अवाढव्य व्हिलात सत्तरीच्या सौदी मालकीण उमामाबाई नोकरमाणसांसोबत एकट्याच राहत. समोर शालिनीताई देवस्थळी बसल्या होत्या. विमा कंपन्यांसाठी खासगी तपास करणं हा त्यांचा धंदा. आणि शेजारी ज्ञानेश, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारा, बँकेतला कॉम्प्युटरवाला. बायको-मुली नाशिकला परतल्यापासून सुट्टीचा शुक्रवार त्याला खायला उठायचा. त्यामुळे ताईंनी “गाडी काढ रे” म्हटलं, की स्वारी चपला घालून तयार.

भानगड अशी होती. अठराव्या शतकातल्या ला तूर नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं मानलं जाणारं एक पेस्टल, म्हणजे रंगीत खडूचं, चित्र, हसऱ्या चेहऱ्याच्या एका बाईचं, वीस वर्षं या घरात होतं. परवा विम्याचा मूल्यमापक आला, त्याने भिंग लावलं आणि म्हणाला, हा तर छापील कागद. फ्रेमच्या पाठीवरची सीलपट्टी त्याने सगळ्यांदेखत कापली. पट्टीवर घरच्या सुताराच्या हातची तारीख होती, नऊ नोव्हेंबर. म्हणजे दोन महिने फ्रेम कुणीच उघडली नव्हती.

“शेवटचा हात दीनानाथचा,” उमामाबाई म्हणाल्या. “दोन महिन्यांपूर्वी काच फुटली म्हणून नवी शीट बसवली ती त्यानेच. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. पण दुसरं कोण असणार?”

दीनानाथ मागच्या अंगणातल्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसला होता. गुहागरचा माणूस, पन्नाशीचा. पासपोर्ट काढून घेतलेला, दारात पहारा.

“काच कशी फुटली?” ताईंनी मराठीतच विचारलं. त्याने दचकून वर पाहिलं.

“म्हायत नाय, ताई. रुचिरा मॅडम, बाईंची चित्रं बघतात त्या, फ्रेम घेऊन आल्या तेव्हा काच नव्हतीच. फुटली म्हणाल्या. चित्र पुठ्ठ्यावर बसवलेलं होतं. ही ॲक्रिलिकची शीट त्यांनीच आणलेली. बसव म्हणाल्या, बसवली.”

“काचेचे तुकडे पाहिलेस?”

“नाय.”

“कामाची चिठ्ठी?”

त्याने खिळ्यांच्या डब्याखालून कागद काढला. ‘ॲक्रिलिक, तीन मिलिमीटर’, खाली रुचिराची सही. ताईंनी मोबाईलवर फोटो घेतला आणि आणखी काही न विचारता उठल्या. ज्ञानेशला वाईट वाटलं, पण चिठ्ठीने काय सिद्ध होतं, सुतारानेही आधीच चित्र बदलून मग शीट बसवली असेल. असं त्याने बोलूनही दाखवलं.

“असेल,” ताई म्हणाल्या. “डोकं चालवतोयस हे पाहून बरं वाटलं.”

गेटपाशी ड्रायव्हर सिराजुद्दीन गाडी पुसत होता. हैदराबादचा, बोलघेवडा. फ्रेमचं काम झालं त्या नऊ नोव्हेंबरला कुणाला कुठे नेलं होतं, एवढं विचारायचा अवकाश.

“रुचिरा मॅडमना सकाळी त्यांच्या घरी सोडलं, मग दुपारी परत आणलं. जाताना हातात चपटं खोकं. बोले, फुटी हुई काच है, फेकनी है. और बोले, सिराज, आहिस्ता चलाओ. स्पीड ब्रेकर आला की माझ्यावर डाफरायच्या. अर्ध्या तासाच्या रस्त्याला सव्वा तास लावला, मॅडम.”

“नजाकतीच्या आहेत बाई,” ज्ञानेश हसला. ताई हसल्या नाहीत.

रुचिरा शहराच्या ओलाया भागातल्या एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर राहायची. मूळची पुण्याची, पॅरिसला शिकलेली, नऊ वर्षं उमामाबाईंची कलासल्लागार. लिफ्टच्या बटणाला हात लावताच ज्ञानेशला चटका बसला. “या गावच्या हवेत पाण्याचा थेंब नाही. सगळीकडे आपला करंट,” तो पुटपुटला.

भर दुपारी बाराला फ्लॅटमध्ये पडदे ओढलेले, एक मिणमिणता दिवा. एकच कप, एकच खुर्ची टेबलाशी. वरच्या मजल्यावर ज्ञानेशचंही टेबल असंच दिसायचं.

चित्राचा विषय निघाला आणि रुचिराचा चेहरा उजळला. “ला तूर खडूने माणूस बोलता करायचा. राजघराण्यातला असो की नटी, समोर बसलेल्याच्या आतलं काहीतरी वर यायचं. पण म्हातारपणी डोकं फिरलं. स्वतःचीच पुरी झालेली चित्रं पुन्हा हातात घ्यायचा आणि बिघडवून ठेवायचा. मला फार दया येते त्याची.”

“पेस्टल जपायला कठीण?”

“कठीण? अहो, कागदावर नुसती भुकटी टेकलेली असते. लोकरीची शाल पांघरून कुणी जवळ गेलं तरी माझा जीव वरखाली होतो. या कोरड्या हवेत तर विचारूच नका. दीनानाथला मी दहादा बजावलं होतं. अस्सल चित्र मी स्वतः त्याच्या हातात दिलं, फोन आला म्हणून बाहेर गेले, तेवढ्यात त्याने…” तिने मान हलवली. “वाईट वाटतं. पण काय करणार.”

खाली उतरताना ज्ञानेश म्हणाला, “बिचारी किती एकटी आहे, ताई.”

“आहे खरी,” ताई म्हणाल्या. “तेच तर अवघड आहे.”

शनिवारी सकाळी उमामाबाईंच्या बैठकीत सगळे जमले. दीनानाथ दाराशी उभा होता. ताईंनी खडूचा तुकडा काळ्या कागदावर चुरला, एक प्लास्टिकची पट्टी ज्ञानेशच्या स्वेटरवर घासली आणि त्या चुऱ्यावर धरली. भुकटी टुणकन उडून पट्टीला चिकटली.

“शाळेतला प्रयोग,” त्या म्हणाल्या. “ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. रियाधच्या कोरड्या हवेत ते पुसलं तरी वीज धरतं आणि कागदावरची भुकटी ओढून घेतं. म्हणून पेस्टलवर काचच लावतात. आता ही फ्रेममधली शीट बघा.”

त्यांनी शीटच्या आतल्या बाजूवरून काळं फडकं फिरवलं. फडकं स्वच्छ.

“दोन महिन्यांत एक कण नाही. म्हणजे या शीटमागे पेस्टल कधीच नव्हतं. पण यावरून फक्त चित्र आधीच बदललं होतं एवढंच कळतं. कुणी बदललं ते कळत नाही, हे ज्ञानेशचं म्हणणं बरोबर आहे. मग प्रश्न उरतो, ॲक्रिलिक निवडलं कुणी? सुताराला यातलं ठाऊक नाही, त्याला दिलं ते त्याने बसवलं. चिठ्ठीवर सही रुचिराची. शालीला घाबरणारी बाई त्या चित्रावर प्लास्टिक लावायला सांगते, ती कधी? चित्राला आता काही होणार नाही हे तिला ठाऊक असतं तेव्हाच. छापील कागदासाठी कोण जीव टाकणार? तिथेच तुझा हात सैल सुटला, रुचिरा.”

ताईंनी शीट खाली ठेवली.

“काच फुटली नव्हती. खऱ्या चित्रावर ती हवी होती, म्हणून चित्राबरोबर गेली. फेकायच्या तुकड्यांसाठी कुणी सव्वा तास गाडी रांगवत नाही. आणि भर दुपारी पडदे ओढून बसतात ते उजेडाने विटेल असं काही घरात असलं तर.”

मग रुचिरा खाली बघत म्हणाली, “विकणार नव्हते. बेडरूममध्ये लावलंय. कामावरून घरी गेलं की कुणीतरी हसून बघावं एवढंच वाटायचं. नऊ वर्षांत माझ्याकडे बघून कुणी तसं हसलं नव्हतं.”

ज्ञानेशने मान फिरवली. त्याला तिचा राग यायला हवा होता आणि तो नीट येत नव्हता.

उमामाबाई म्हणाल्या, “चित्र नेलंस ते मी एक वेळ समजून घेईन. त्याच्या बदल्यात हा माणूस देऊन टाकलास, ते नाही. तक्रार उद्याच जाईल. नाव बदलून.” मग त्या उठल्या आणि दीनानाथचा पासपोर्ट त्यांनी स्वतः त्याच्या हातात ठेवला.

व्हरांड्यात ताईंनी विचारलं, “दीनानाथ, शीट बसवताना चित्र तुझ्यासमोर होतं. वेगळं वाटलं नाही?”

“वाटलं ना. ती नव्हतीच ती,” तो सहज म्हणाला. “रोज चहा घेऊन जायचो तेव्हा दिसायची. डाव्या गालाकडे हसू जरा जास्त. त्या कागदात ते मेलेलं. मला वाटलं, खरी लॉकरमध्ये ठेवली असेल. मोठ्या लोकांचं काय सांगावं.”

“मग पकडलं तेव्हा बोलला का नाहीस?”

“पोलिसात देतो म्हणाले, चित्र कुठाय विचारलं. ते मला म्हायत नव्हतं. दुसरं कोणी कायच विचारलं नाय.” तो थांबला. “तुमीपण नाय विचारलंत, ताई.”

“नाही विचारलं,” शालिनीताई म्हणाल्या.

“दीनानाथ, आज माझ्याकडे जेवायला चला,” ज्ञानेश म्हणाला. “खिचडीच असेल, पण गरम असेल.”

गाडीत मागच्या सीटवर बसल्यावर दीनानाथ पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिला. मग बोलायला लागला. गुहागरच्या घराचं, लेकीच्या लग्नाला जाता आलं नाही त्याचं, लाकडाचं, सांध्यांचं, कशाचंही. ताई ऐकत होत्या, मधून मधून नीट प्रश्न विचारत होत्या.

रुचिराच्या घराकडे जाणारा ओलायाचा फाटा आला. ज्ञानेशने तो बघितला आणि गाडी सरळ पुढे नेली.